शीळवाले आणि धारची फर्माईश

आमची अक्का शीळ घालायची. मुलीच्या जातीनं शीळ घालू नये असं आई रोज सांगायची आणि अक्का रोज घालायची. देवासच्या टेकडीवर देवीला जायच्या पायऱ्या आहेत ना, त्या निम्म्या चढून झाल्या की ती थांबायची, ओठ गोल करायची, आणि मी खाली पायथ्याशी रेंगाळत असले तरी मला ऐकू यायचं. मी तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी. मला शीळ कधी जमलीच नाही. नुसती हवा जायची, फुस्स.

आता घरातली मुलं कानात बोंडं घालून कुठल्या कुठल्या देशांतली गाणी ऐकत असतात. मला विचारतात, आजी, तुमच्या वेळी विलायती गाणं इथवर यायचं कसं? मी म्हणते, पोस्टकार्डानं. ती हसतात. हसू देत. पण एक विलायती बँड माळव्यात घरोघर कसा पोचला ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातली काही कार्डं माझ्याच हातची होती.

त्याआधी अक्काच्या लग्नाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या देवासला दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. म्हणजे एकाच गावात दोन राजे. आमचे आबा थोरल्या पातीच्या फरासखान्यात. गालिचे, तक्के, लोड, तंबू सगळं त्यांच्या ताब्यात, आणि दरबार भरला की कुणाची बैठक कुठं मांडायची हेही तेच बघायचे. कोण सरदार कुणाच्या उजव्या हाताला, कोण कुणाच्या मागं, सगळं त्यांना पाठ. संस्थान विलीन झालं, गालिचे गुंडाळले गेले, आणि आबा सरकारी कचेरीत दप्तरी झाले. पण घरी चार पाहुणे जेवायला आले तरी पाटांच्या क्रमावरून ते आईशी वाद घालत.

अशा माणसाच्या हातून चूक झाली, आणि तीही क्रमाचीच.

अक्काचं धारला ठरलं. घर आमच्यासारखंच, धारच्या दरबारात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेलं. पत्रिका इंदूरला छापायला दिली होती. छापखानेवाला म्हणाला, एक ओळ जास्त होतेय, काहीतरी काढा. आबांनी कच्चा कागद पुढ्यात घेतला. वर गणपती, मग आमची कुलस्वामिनी, मग त्यांचा कुलदेव, मग टेकडीवरची माता. देव काही काढता येईनात, तेव्हा माणसं काढायची ठरली. आबांनी दोन्हीकडचं एकेक नाव काढलं. आमच्याकडचे त्यांचे चुलते आणि तिकडचे नवऱ्या मुलाचे थोरले चुलते. आई म्हणाली, "अहो, ते घरातले कर्ते आहेत." आबा म्हणाले, "म्हणूनच काढतोय. थोरला माणूस समजून घेतो."

थोरल्या माणसानं समजून घेतलं नाही. ते लग्नाला आले, जेवले, जिलबी दुसऱ्यांदा मागून घेतली. एक शब्द वावगा बोलले नाहीत. वऱ्हाड निघायच्या वेळी मात्र खिशातून पत्रिका काढली आणि आबांना म्हणाले, "व्याही, आपल्या पत्रिकेत आम्ही नाही. म्हणजे आपल्या लेखी आम्ही नाहीच. मग उद्या सुनेला माहेरी न्यायची परवानगी आपण मागणार कुणाकडं?"



अक्का त्यांना थोरले मामंजी म्हणायची, म्हणून आम्हीही तसंच म्हणू लागलो. थोरल्या मामंजींनी बोललेलं खरं केलं. पहिली दिवाळी गेली, अक्का आली नाही. संक्रांत गेली. गौरी गेल्या. दुसरी दिवाळी गेली. आबा दोनदा धारला जाऊन आले. चहा मिळाला, पोहे मिळाले, आणि "बघू" मिळालं. अक्काची पत्रं यायची. "येथील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे." बाहेर जाणारं पत्र आधी बैठकीत दाखवायचं, आणि आमचं गेलेलं पत्र बैठकीत मोठ्यानं वाचूनच आत जायचं, असा त्या घरचा रिवाज. आई ती पत्रं हातात घेऊन उलटसुलट करायची. म्हणायची, "हे माझ्या पोरीचं पत्र नव्हे. हे कचेरीचं पत्र." पोरगी हसते का, रडते का, तिला आमची आठवण येते की तिनंही आमच्यावर राग धरलाय, काही कळायला मार्ग नव्हता.

अक्का गेल्यावर माझी शाळाही सुटली. चौथी झाली होती. आईला दमा, घरात दुसरा हात नाही. पुढचं जे काही वाचायला-लिहायला शिकले ते समोरच्या घड्याळवाल्या भियाच्या दुकानातली हिंदी मासिकं मागून आणून. भिया म्हणजे भाऊ, सगळ्या गल्लीचा, वयानं आबांच्या बरोबरीचा, एका डोळ्याला कायम भिंग लावलेला. आणि त्याच्या दुकानात रेडिओ होता! आपल्याकडच्या स्टेशनांवर तेव्हा सिनेमाची गाणी फारशी लागत नसत, म्हणून सगळे समुद्रापलीकडचं, तिकडे बेटावरचं स्टेशन लावायचे. रविवारी दुपारी त्यावर फर्माइशींचा कार्यक्रम असायचा. आम्ही बायका आमच्या ओट्यावर गहू निवडत बसायचो आणि कान भियाच्या दुकानात.

एका रविवारी कार्यक्रम संपायला दोन-तीन मिनिटं उरली असतील. निवेदक म्हणाला, जाता जाता एक विलायती रेकॉर्ड ऐका. आणि शीळ सुरू झाली.

काय सांगू तुम्हाला. माझ्या हातातलं सूप तिरपं झालं आणि गहू ओट्यावरून खाली. आधी नुसती शीळ, मोकळी, उंचावरून आल्यासारखी. मग गिटार, मग चार-पाच पुरुष एकात एक आवाज मिसळून गायला लागले, आणि शेवटी पुन्हा शीळ. शब्द एक कळला नाही. पण ती शीळ टेकडीच्या पायरीवरची होती. चाल वेगळी असेल, पण शेवटी आवाज वर नेऊन सोडून द्यायची ती तऱ्हा अक्काचीच. आईचेही हात थांबले होते. मग ती खाली वाकून गहू गोळा करायला लागली.

मी भियाकडं पळाले. "भिया, ये कौन थे?"

"अपने को क्या मालूम, छोरी. विलायत के होंगे. नाम बोला तो था, पल्ले नहीं पड़ा."

"फिर कब लगेगा?"

"कोई माँगेगा तब लगेगा. आज तक किसी ने माँगा नहीं होगा, तभी तो आखिर में चिपका दिया. तू माँग ले."

फर्माईश कशी पाठवायची ते भियानंच शिकवलं. मुंबईचा एक पत्ता होता, तिथं कार्ड टाकायचं, तिथून ते बेटावर जायचं. गाणं लिहायचं आणि खाली नावं लिहायची. जितकी नावं जास्त तितकं बरं, म्हणून लोक घरदार, शेजारीपाजारी, दुकानातली गिऱ्हाइकं सगळी एका कार्डावर कोंबायचे. गाण्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी हिंदीत लिहिलं, "वह विलायती गाना जिसमें सीटी बजती है." खाली माझं नाव, देवास. त्याखाली अक्काचं नाव, धार. भियाचंही घातलं, त्याला वाईट वाटायला नको.

पुढचे काही रविवार काही झालं नाही. मग एका रविवारी निवेदक हसत हसत म्हणाला की देवासहून एक फर्माईश आलीय, त्यात गाण्याचं नाव नाही, बँडचं नाव नाही, तरी आम्ही ओळखलं. मग त्यानं नावं वाचली. माझं, देवास. अक्काचं, धार. घड्याळवाले भियांचं. भियानं डोळ्याचं भिंग काढून खाली ठेवलं आणि रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायला लागला, "सुना? मेरा नाम बोला!"

मी आनंदानं घरात गेले, तर आबा दारात उभे. चेहरा पांढराफटक.

"अक्काचं कुठलं नाव घातलंस तू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. पत्रावरही आम्ही तेच घालायचो. पण कार्ड लिहिताना शीळ डोक्यात होती, आणि शीळ घालायची ती माहेरच्या नावाची अक्का. मी जुनंच नाव लिहून बसले होते.

"लग्न झालेल्या मुलीचं माहेरचं नाव चव्हाट्यावर!" आबा म्हणाले. "त्यांच्या दिवाणखान्यात एवढा मोठा रेडिओ आहे, मी स्वतः पाहिलाय. आधीच एक नाव गाळून बसलोय आपण, आता हे दुसरं नको ते घातलंस." आणि ते खाली बसलेच. मी रडले. मला वाटलं, अक्काला आता ते जन्मात पाठवायचे नाहीत. ते सुद्धा माझ्यामुळं.

तिकडं काय झालं ते अक्कानं नंतर सांगितलं. तेव्हा आम्हाला काहीच माहीत नव्हतं, पण इथंच सांगून टाकते. थोरले मामंजी पानावर बसलेले. रेडिओवर जाळीचं विणलेलं झाकण, ते कार्यक्रमापुरतं वर सारलेलं. अक्का वाढत होती. नाव वाचलं गेलं, आणि तिच्या हातातल्या पळीतलं वरण पानाबाहेर सांडलं. थोरले मामंजी म्हणाले, "धारची ही कोण? आपल्या आळीत या नावाची कुणी आहे का?" सासूबाई म्हणाल्या, नाही बाई. जावा म्हणाल्या, ऐकलं नाही कधी. पत्रिकेत छापलेलं ते नाव त्या घरात एकाच माणसाच्या लक्षात राहिलं होतं, ज्यानं ते पुसून तांदळावर दुसरं लिहिलं होतं. आमचे मेहुणे. त्यांनी मान वर केली नाही. भात कालवत म्हणाले, "असेल कुणीतरी. गाणं बरं आहे." आणि अक्का स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढं बसली आणि पदर तोंडात धरून हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा, ती म्हणाली.

आम्ही मात्र महिनाभर धास्तावलेले. मी रेडिओकडं फिरकत नव्हते. मग एका रविवारी भियाच दारात येऊन ओरडला, "छोरी, जल्दी आ, धार बोल रहा है!" मी धावले. निवेदक म्हणत होता की धारहून फर्माईश आहे, तीच शीळ, आणि नाव एकच आहे. ते जुनं नाव. नुसतं. पुढं ना आडनाव ना काही. अक्कानं शेजारच्या घरातल्या मास्तरीणबाईंकडून कार्ड मागून घेतलं होतं आणि त्यांनाच ते पेटीत टाकायला लावलं होतं.

आई ओट्यावर उभी होती. म्हणाली, "माझ्या पोरीनं ओ दिली." आणि तिथंच, सगळ्या गल्लीदेखत, डोळ्याला पदर लावला.

त्यानंतर आम्ही थांबलो नाही. एक कार्ड देवासचं, एक धारचं. भियाला तर वेडच लागलं. घड्याळ न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, घड्याळ मिळेल, आधी इथं नाव लिही. त्याची बहीण हाटपिपल्याला, साडू सोनकच्छला. तिथूनही कार्डं जायला लागली. टोंकखुर्दच्या शाळेतल्या पोरांनी म्हणे एकाच कार्डावर आख्खा वर्ग लिहिला. सोनकच्छच्या मंडीत गाडीवान बैल हाकताना ती शीळ घालतात असं साडूनं कळवलं. कुणालाच बँडचं नाव धड म्हणता येत नव्हतं, म्हणून सगळ्या माळव्यात ते "सीटीवाले" झाले, आमच्या घरात "शीळवाले". मग एकदा निवेदक म्हणाला, "मालवा वालों को यह हो क्या गया है?" पूर्वी शेवटी चिकटवलेली ती रेकॉर्ड आता कार्यक्रमाच्या मध्यावर लागायला लागली, त्याच बँडच्या आणखी दोन आल्या, आणि पुढं पार बंगाल-पंजाबच्या गावांचीही नावं तिच्यापाठी येऊ लागली. ते सगळं आमच्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही. पंजाबातही कुणी एखादी असेल, तिलाही वाटत असेल की तिच्याच कार्डामुळं झालं. तसंच असतं ते.

पण अक्का अजून धारलाच होती. नुसत्या शिळेवर आईचं पोट भरत नव्हतं.

आबा मात्र या सगळ्यापासून लांबच राहिले. रेडिओ लागला की ते देवघरात जाऊन बसायचे. एक दिवस कचेरीतून आले, टोपी खुंटीला लावली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "त्या कार्डावरची नावं कुठल्या क्रमानं वाचतात?"

"लिहिलेल्या क्रमानं, आबा."

"आणि मानाचं काही लिहिलं तर? श्रीमंत, राजमान्य, असं?"

"भियाची गिऱ्हाइकं तर स्वतःला सेठ लिहितात. तेही वाचतात."

आबा जरा वेळ फेऱ्या घालत राहिले. मग म्हणाले, "कार्ड आण."

ते कार्ड कसं झालं म्हणता! दुपार गेली त्यात. आबांनी आधी पाटीवर मांडणी केली, जशी दरबाराची करायचे तशी. सगळ्यात वर थोरले मामंजी, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मागं सगळी बिरुदं. मग अक्काचे सासरे. मग बाकीची मंडळी वयाप्रमाणं. सासूबाई, जावा. मेहुणे. मग अक्का, या वेळी सासरच्या नावानं. मग आमच्याकडची. आबा सांगायचे मराठीत, मी हिंदी करायचे, आणि अक्षर बारीक, आणखी बारीक करत न्यायचे. शेवटी पोचलो तर एक ओळ जास्त होत होती. उरलं होतं एकच नाव, आबांचं.

मी म्हटलं, "कडेला उभं लिहू का?"

"कडेचं वाचायचे नाहीत," आबा म्हणाले. "राहू दे. या वेळी माझं राहू दे."

आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली, आबांकडं बघितलं, आणि चहा ठेवायला गेली. अवेळी. आमच्याकडं अवेळी चहा म्हणजे मोठा मान.

चौथ्या की पाचव्या रविवारी ते कार्ड वाचलं गेलं. आबा त्या दिवशी देवघरात गेले नाहीत. ओट्यावरही बसले नाहीत. दाराच्या आत, उंबऱ्याला पाय लावून उभे. निवेदकानं थोरल्या मामंजींचं नाव घेतलं, सगळ्या बिरुदांसकट, एकेक अक्षर सुटं करून, जसं चोपदारानं पुकारावं तसं. मध्ये एकदा अडखळला, क्षमा मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं! म्हणजे दोनदा झालं. आबांनी डोळे मिटले होते. मग शीळ लागली.

आठ दिवसांनी धारचं पत्र आलं. अक्काचं नाही. थोरल्या मामंजींच्या हातचं, टपोरं अक्षर, आबांच्या नावानं. आबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि नंतर इतक्यांदा वाचलं की मला अजून पाठ आहे. "नभोवाणीवरून आपलेकडील स्मरण पावले. क्रम योग्य होता. आमच्या आळीत सर्वांनी ऐकिले. मात्र आपले स्वतःचे नाव त्यात आढळले नाही. जागेअभावी राहिले असावे. असे कोणाकडूनही होते. सूनबाईंस संक्रांतीस पाठवीत आहोत. महिनाभर राहतील."

आबा म्हणाले, "जागेअभावी." मग पुन्हा म्हणाले, "जागेअभावी," आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आईनं पाणी आणलं, तीही हसत होती.

अक्का आली ती रविवारीच, मेहुण्यांबरोबर, धारच्या मोटारीनं इंदूरला आणि तिथून पुढं देवासला. जरा वाळली होती, पण हसणं तेच. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाय धुऊन होतात न होतात तोच समोर कार्यक्रम सुरू झाला आणि अक्का तशीच ओल्या पायांनी ओट्यावर धावली. मी तिच्यामागं. मेहुणे बिचारे सामान घेऊन दारात उभे.

कुणाची तरी फर्माईश होती, दूरच्या कुठल्या गावची, माळव्यातली नव्हेच. पण गाणं तेच. शीळ सुरू झाली. अक्कानं आईकडं बघितलं. आईनं मान दुसरीकडं फिरवली, बघितलंच नाही असं केलं. अक्कानं ओठ गोल केले.

आणि आमचे आबा, जे आयुष्यात त्या दुकानाची पायरी चढले नव्हते, रस्त्यापलीकडं गेले, दुकानात वाकून भियाला अगदी दरबारी हिंदीत म्हणाले, "भाईसाहब, तकलीफ न हो तो आवाज़ ज़रा बढ़ा दीजिए. हमारी बिटिया आई है."